एकशे एक, जालना!

दरवर्षी पावसाच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. 'स्थळ निवड समितीची अमुक गावास भेट.' सोबत ठरलेला फोटो. एका मोकळ्या मैदानात पाच-सात माणसं उभी, त्यातल्या एकाचा हात कुठेतरी लांब दाखवतोय आणि बाकीचे त्या दिशेने बघताहेत. तिकडे काय असतं ते फोटोत कधीच दिसत नाही. बहुधा भोजनमंडप तिकडे होणार असावा.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढच्या खेपेला कुठे भरणार हे ठरवण्याची ही पद्धत. गावोगावच्या संस्था साहित्य महामंडळाला निमंत्रणं पाठवतात, समिती गावं बघून येते, मैदान, राहायची सोय, जेवणावळीची जागा, गावाचा उत्साह (म्हणजे मुख्यतः गावातल्या पुढाऱ्याचा उत्साह) याचा अंदाज घेते आणि मग बैठकीत एक नाव जाहीर होतं. मुलगी बघायला जाण्याचा कार्यक्रमच हा. फरक एवढाच की इथे कांदेपोहे झाल्यावर "कळवतो" म्हणणारे लोक पुढच्या गावीही पोहे खातात. (हा विनोद माझा नाही. आमच्या घरात तो इतकी वर्षं चालू आहे की कोणाचा ते आता सांगता येणार नाही.)

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे मध्यंतरी मी विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या जागतिक मेळाव्यांचा इतिहास वाचत बसलो होतो. वर्ल्डकॉन म्हणतात त्याला. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिला भरला, दोनेकशे माणसं होती. मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर तेव्हापासून तो दरवर्षी भरतोय, आणि पुढचा कोणत्या शहरात भरवायचा ते आलेले सभासद मतदानाने ठरवतात. मग अर्थातच शहराशहरांत चुरस. 'आमच्याकडे या' म्हणणाऱ्या शहरांचे लोक आदल्या मेळाव्यात हॉटेलच्या खोल्यांत रात्री पार्ट्या देतात, खाऊपिऊ घालतात, बिल्ले वाटतात, घोषणा छापतात. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण त्या लोकांनी ह्या चुरशीतून एक वेगळाच प्रकार काढला. खोटी निमंत्रणं! म्हणजे ज्या जागी मेळावा होणं शक्यच नाही तिथलं निमंत्रण द्यायचं, त्याचीही पार्टी द्यायची, बिल्ले वाटायचे, आणि काही महाभाग मतपत्रिकेवर ते नाव खरंच लिहून येणार. मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही कायम असतो. आपल्याकडे 'नोटा' २०१३ साली आला. ह्या बाबतीत तरी विज्ञानकथावाले आपल्या निवडणूक आयोगाच्या पुढे होते म्हणायचं.

ह्यातले दोन किस्से मला फार आवडले.

पहिला रिक स्निअरीचा. हा लॉस एंजेलिसला लागून असलेल्या साउथ गेट नावाच्या उपनगरात राहायचा. तब्येतीने तोळामासा, त्यामुळे फारसं बाहेर पडणं नाही. सगळा व्यवहार पत्रांतून, आणि स्पेलिंग इतकं भयंकर की तेच त्याची ओळख होऊन बसलं. ह्या माणसाने १९४८ साली जाहीर केलं की १९५८चा जागतिक मेळावा आमच्या गावात भरणार. दहा वर्षं आधी! कारण काय, तर 'साउथ गेट' आणि 'फिफ्टी-एट' ह्यांचं यमक जुळतं. बस्स, दुसरं काही कारण नाही. 'साउथ गेट इन फिफ्टी-एट' ही घोषणा लोक पत्रांच्या शेवटी लिहायला लागले, हस्तलिखित मासिकांच्या कोपऱ्यात छापायला लागले, मेळाव्यांत ओरडायला लागले. दहा वर्षं हे चाललं. आणि १९५८ उजाडेपर्यंत त्या थट्टेचं वचन होऊन बसलं होतं. आता मोडणार कसं? मेळावा मिळाला, पण तेवढ्या माणसांना पुरेल असं हॉटेल त्यांना मिळालं ते लॉस एंजेलिस शहराच्या मध्यात. मग यमकाचं काय? तर चक्क नगराध्यक्षांच्या जाहीरनाम्याने ते हॉटेल त्या मेळाव्यापुरतं साउथ गेटची हद्द म्हणून घोषित करून टाकलं! आपल्याकडे नगरपालिकेची हद्दवाढ वीस-वीस वर्षं कोर्टात लटकते आणि तिकडे एका यमकासाठी हद्द सरकवली.

दुसरा किस्सा मिनिआपोलिसचा. ह्यांनी १९७३चा मेळावा मागितला. तो गेला टोरोंटोला. आता माणूस काय करेल? पुढच्या एखाद्या वर्षाचा मागेल. ह्यांनी १९७३चाच मागणं चालू ठेवलं. १९७४ आलं, १९८० आलं, तरी हे पार्टी देऊन सांगताहेत, 'मिनिआपोलिस इन सेव्हंटी-थ्री'. हरलेल्या निमंत्रणाचं काय करावं याचं इतकं सुंदर उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. शिवाय विज्ञानकथावाल्यांना गेलेलं साल मागण्याचा हक्कच आहे, कालयंत्र त्यांच्याच घरचं.

हॉटेलवरून आठवलं. १९५२च्या शिकागोच्या मेळाव्यात हॉटेलवाल्यांनी म्हणे बराच छळ केला. त्यावर बॉब टकर नावाच्या लेखकाने सुचवलं की आपण चाहत्यांनी स्वतःचंच हॉटेल बांधू या. झालं! लोकांनी टकरच्या पत्त्यावर पोस्टाने विटा पाठवायला सुरुवात केली. खऱ्या विटा. पोस्टमनचं काय झालं असेल... असो.

तर हे वाचताना साहजिकच मनात आलं की आपलं संमेलन ह्यांच्यापेक्षा कितीतरी जुनं. आपल्याकडे पहिलं १८७८ साली पुण्यात भरलं, न्यायमूर्ती रानडे अध्यक्ष. तेव्हा त्याला ग्रंथकार संमेलन म्हणत. एवढ्या जुन्या परंपरेत थट्टा किती साठली असेल! शोधायला लागलो तर थट्टा भरपूर सापडली. पण ती सगळी दुसऱ्या बाजूची. म्हणजे न बोलावलेल्यांनी केलेली, नाही तर बोलावूनही न गेलेल्यांनी केलेली. निमंत्रण देणाऱ्याने स्वतःची केलेली थट्टा मात्र शोधून सापडेना.

सुरुवात थेट महात्मा फुल्यांपासून होते. १८८५च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण त्यांना आलं. त्यांनी नकाराचं पत्र पाठवलं, आणि त्यात ह्या मंडळींना जे नाव दिलं ते आजतागायत चिकटून आहे: घालमोड्या दादा. ते पत्र नुसतं विनोदी नाही. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करणार, असा रोकडा सवाल त्यात आहे, आणि तो सवाल पुढे शंभर वर्षांनी दलित, ग्रामीण, विद्रोही अशा निरनिराळ्या संमेलनांनी पुन्हापुन्हा विचारला. पण मला नवल वाटतं ते शब्दाचं. एवढा संताप आणि तो व्यक्त करायला निवडलेला शब्द असा की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं. मराठी संमेलनावरचा पहिला टिकाऊ विनोद हा असा नकाराच्या पत्रातून आला.

नंतरचे विनोद ह्या उंचीचे नाहीत. १९९९ साली मुंबईच्या संमेलनाच्या वेळी, वसंत बापट अध्यक्ष असताना, बाळासाहेब ठाकऱ्यांनी संमेलनाला बैलबाजार म्हटलं. सरकारी अनुदान तेव्हा २५ लाख होतं आणि सगळा वाद त्याच्याभोवती फिरत होता. साहित्यिक फार दुखावले. मला मात्र मराठवाड्यातला माणूस म्हणून तेव्हाही वाटलं होतं की बैलबाजार ही शिवी कशी? बैलबाजारात माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो आणि मगच पैसे मोजतो. एवढी पारख आपल्या पुस्तकांची होत असती तर! भालचंद्र नेमाडे संमेलनाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात, तेही आता इतक्यांदा ऐकून झालंय की संमेलनवालेच ते हसत हसत सांगतात. विनोद जुना झाला की ज्याच्यावर केला त्याच्याच मालकीचा होतो.

आणखी एक गंमत बघा. संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत विनोदी लेखक काही कमी नाहीत. १९२७ला पुण्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, १९४२ला नाशिकला अत्रे, १९७४ला इचलकरंजीत पु. ल., १९८५ला नांदेडला शंकर पाटील, १९९८ला परळीत द. मा. मिरासदार. अत्र्यांनी तर 'झेंडूची फुले'मध्ये ज्या कवींची यथेच्छ टर उडवली त्यांच्यातले माधव जूलियन १९३६ला जळगावला अध्यक्ष झाले, आणि सहा वर्षांनी टर उडवणाराही त्याच खुर्चीत बसला. पण १९९२ला कोल्हापूरला जे झालं ते वेगळं. निवडणुकीत विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले आणि पडल्या कोण, तर इंदिरा संत. त्यानंतर कित्येक वर्षं अध्यक्षपदाची निवडणूक म्हटलं की लोक हाच दाखला द्यायचे. जन्मभर दुसऱ्यांना हसवलेल्या माणसाच्या वाट्याला असा विनोद आला की ज्यात त्याचा स्वतःचा दोष फार थोडा, सगळा मतदानपद्धतीचा. शेवटी महामंडळाने २०१८ साली निवडणूक बंदच केली आणि २०१९च्या यवतमाळपासून अध्यक्ष एकमताने निवडायला सुरुवात झाली. तेव्हापासून चुरस उरली ती फक्त गावांची.

ह्या गावांच्या चुरशीतही विनोदी प्रसंग येतात, फक्त कोणी ते ठरवून केलेले नसतात. 'अखिल भारतीय' संमेलन सॅन फ्रान्सिस्कोला न्यायचा घाट घातला होता तो आठवतो का? त्यावर एवढा गदारोळ झाला की शेवटी त्याचं वेगळं विश्व संमेलन करावं लागलं आणि ते फेब्रुवारी २००९मध्ये सॅन होजेला भरलं, गंगाधर पानतावणे अध्यक्ष. साउथ गेटवाल्यांनी हॉटेल आपल्या हद्दीत घेतलं, आपण कॅलिफोर्निया अखिल भारतात घेता घेता राहिलो. आणि त्याच वर्षी इकडे महाबळेश्वरला जे ८२वं अखिल भारतीय भरलं त्याला अध्यक्षच नव्हता, कारण आनंद यादवांना त्यांच्या तुकारामांवरच्या कादंबरीच्या वादामुळे आधीच राजीनामा द्यावा लागला होता. म्हणजे एका वर्षात एका संमेलनाचा पत्ता चुकला होता आणि दुसऱ्याची खुर्ची रिकामी होती. हा दुसरा भाग हसण्यासारखा नाही, हे मला कळतं.

२०१५ला पंजाबातल्या घुमानचं नाव आलं तेव्हाही पहिल्यांदा लोक हसले. घुमान कुठे आहे? 'घुमा' की 'गुमान'? पण नामदेवांचं घुमान म्हटल्यावर हसू आपोआप थांबलं. सातशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस तिथवर गेला आणि तिथल्या लोकांनी त्याला अजून सोडलेलं नाही, ह्यापेक्षा मोठं निमंत्रण काय असणार? सरहद संस्थेने ते संमेलन करून दाखवलं.

स्थळाची निवड कधी कधी साधी गोष्ट नसतेच. १९४६ला बेळगावला संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. १९५७ला औरंगाबादला भरलं तेव्हा मराठवाडा नुकताच द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन पुरतं वर्ष-दोन वर्षंही झाली नव्हती. १९६४ला मडगावला, गोवा मोकळा झाल्यावर. अशा वेळी तिथे संमेलन नेणं म्हणजे 'तुम्ही आमचे' असं जाहीरपणे सांगणं होतं. थट्टेची जागाच नव्हती, आणि बहुधा आपल्या निमंत्रणांना तो गंभीरपणा तेव्हापासून चिकटला तो कायमचा. आता हद्द, राज्य, भाषा असं काही पणाला लागलेलं नसलं तरी निमंत्रण देणारा गाव त्याच आवाजात बोलतो. आमच्या मातीला संतांची परंपरा आहे, आमच्याकडे चार हजार माणसांची सोय होईल, आम्हाला सेवेची संधी द्या.

त्यात पडायची भीतीही मोठी. उस्मानाबादने (आताचं धाराशिव) कितीतरी वर्षं निमंत्रण लावून धरलं होतं, तेव्हा कुठे २०२०ला ९३वं त्यांना मिळालं, फादर दिब्रिटो अध्यक्ष. दर वर्षी नाव चर्चेत यायचं आणि दर वर्षी दुसरीकडे जायचं. मिनिआपोलिसवाले असते तर त्यांनी त्याची गंमत करून टाकली असती. आपल्याकडे ते अन्याय ह्या सदरात जातं. आणि खरं सांगायचं तर मराठवाड्याने ते अन्याय ह्या सदरात टाकलं तर त्याला दोष कसा द्यायचा? पाणी, रेल्वे, विद्यापीठाचं नाव, सगळ्यासाठी वाट बघायची सवय असलेल्या मुलखाला वाट बघण्याची थट्टा इतक्या सहज सुचत नाही. अमेरिकेत दहा वर्षं थट्टा पोसायला परवडते, कारण मेळावा नाही मिळाला तर त्यांचं काहीच बिघडत नसतं.

हिवरा आश्रमाचं तर अगदी आमच्या शेजारी घडलं. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात, म्हणजे जालना जिल्ह्याच्या शिवेपलीकडे. २०१७च्या सप्टेंबरात ९१वं संमेलन तिथे जाहीर झालं. आनंदीआनंद झाला. लगेच आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराज ह्यांच्यावरून अंधश्रद्धेचा वाद पेटला, आणि थोड्याच दिवसांत आश्रमाने निमंत्रण मागे घेतलं. संमेलन गेलं बडोद्याला. बडोद्याला ह्याआधी १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन होऊन गेलेली! ज्याच्या घरी तीनदा जेवलो त्याच्याकडे चौथ्यांदा, असं ते झालं. पण बडोदेकर ८४ वर्षं थांबले होते हेही खरं.

आणि आता मूळ मुद्द्यावर येतो. जालना.

मराठवाड्याचे आठ जिल्हे. संमेलनांच्या यादीवर बोट ठेवून बघा. औरंगाबाद १९५७ आणि २००४. अंबाजोगाई १९८३ आणि परळी १९९८, म्हणजे बीड जिल्ह्याला दोनदा. नांदेड १९८५. परभणी १९९५. उस्मानाबाद २०२०. उदगीर २०२२, म्हणजे लातूर जिल्हाही झाला. राहिले कोण? हिंगोली आणि जालना. हिंगोली १९९९ सालचा जिल्हा, परभणीतून निघालेला, तेव्हा त्याला १९९५च्या खात्यावर अर्धा हिस्सा मागता येईल. जालना १ मे १९८१चा. आम्हीसुद्धा औरंगाबादेतून निघालो, तेव्हा १९५७ आमचं म्हणता येईल का? मिनिआपोलिस पद्धतीने आम्ही '१९५७, जालना' असं निमंत्रण द्यायला हरकत नाही!

आमचं गाव व्यापाऱ्यांचं. 'जालना सोने का पालना' ही म्हण लहानपणापासून कानावर पडलेली. बियाण्यांचं गाव, स्टीलच्या गिरण्यांचं गाव, मोसंबीचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली आणि देशभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी जालन्याचं नाव संकरित बियाण्यामुळे गेलं. आता अशा गावाने सारस्वतांना बोलवायचं म्हणजे पहिला प्रश्न येणार, तुमचा साहित्याशी काय संबंध? त्याला उत्तर जांब. समर्थ रामदासांचं जन्मगाव घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ असताना संबंध विचारणाऱ्याने आधी आपला सांगावा. शिवाय २०२२च्या डिसेंबरात ४२वं मराठवाडा साहित्य संमेलन घनसावंगीलाच झालं, शेषराव मोहिते अध्यक्ष. तालुक्याच्या गावाने संमेलन करून दाखवलं, जिल्ह्याचं गाव अजून अखिल भारतीयची वाट बघतंय.

थट्टेचा संस्कारही गावाला नवा नाही. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो, शंभरावर वर्षांची प्रथा आहे. एका दिवसाचा राजा, त्याची मिरवणूक, गुलाल. व्यापारी, हमाल, पुढारी सगळे त्या दिवशी एका रंगाचे. जे गाव वर्षातून एकदा खोटा राजा खऱ्या थाटात मिरवतं त्याला खोटं निमंत्रण खऱ्या थाटात देता येणार नाही का?

आमचे एक मामा १९९५ला परभणीच्या संमेलनाला गेले होते. नारायण सुर्वे अध्यक्ष म्हणून खास गेले, एसटीने. परत आल्यावर त्यांनी सुर्व्यांच्या भाषणाबद्दल जेवढं सांगितलं त्याच्या तिप्पट जेवणाच्या रांगेबद्दल सांगितलं आणि चौपट कविसंमेलनाबद्दल. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रात्री उशिरा समोर जे श्रोते उरले होते ते सगळे आपला नंबर लागायची वाट बघणारे कवी होते, आणि एकटे मामाच काय ते शुद्ध श्रोता. म्हणून प्रत्येक कवी त्यांच्याकडे बघूनच कविता म्हणत होता. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही लग्नाचं कार्यालय ठरवायचं निघालं की कोणीतरी म्हणतंच, "आधी स्थळ निवड समिती पाठवा." आणि मामा अध्यक्ष. मामा खरंच जातात, मैदान नसलं तर निदान गच्ची बघतात, लांब कुठेतरी हात दाखवून उभे राहतात आणि फोटो काढायला लावतात. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममधला पहिला फोटो हाच आहे. वाचणाऱ्या नातेवाइकांना तो माहीत आहे, इतरांनी कल्पना करावी.

तिकडे अमेरिकेतल्या आपल्या लोकांचंही असंच चालतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन साधारण दोन वर्षांनी भरतं, कधी शिकागो, कधी ग्रँड रॅपिड्स, कधी सॅन होजे. तिथेही गावोगावची मंडळं यजमानपद मागतात. म्हणजे विज्ञानकथावाल्यांच्याच देशात, त्यांच्यासारख्याच मोठमोठ्या सभागृहांत, आपली माणसं आपल्या पद्धतीने निमंत्रण देतात.

आपल्यात थट्टेचा हा संस्कार असणारा एक माणूस संमेलनाचा अध्यक्ष झाला, तोही विज्ञानकथावालाच. जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही. नारायण विनायक जगताप ह्या नावाने! नावाची आद्याक्षरं उलटी वाचा म्हणजे ज. वि. ना. सापडतील. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. केंब्रिजहून आलेला, फ्रेड हॉयलबरोबर काम केलेला शास्त्रज्ञ, आणि आपल्या नावाची नाही तर कथेची पारख व्हावी म्हणून असा खोटा पत्ता लावतो. खोटं निमंत्रण देणाऱ्यांच्या जवळ जाणारं मराठीत मला हे एकच सापडलं. ते २०२१ला नाशिकच्या ९४व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या संमेलनासाठी नाशिक की दिल्ली अशी चुरस झाली होती, मग कोरोनामुळे मार्चचं डिसेंबरवर गेलं, जागाही बदलली, आणि इतकं सगळं झाल्यावर प्रकृतीमुळे अध्यक्षांना स्वतःला तिथे जाता आलं नाही. मे २०२५मध्ये नारळीकर गेले. दिल्लीला त्याच वर्षी ९८वं मिळून गेलं होतं, तारा भवाळकर अध्यक्ष.

९९वं २०२६च्या जानेवारीत साताऱ्याला झालं, विश्वास पाटील अध्यक्ष. म्हणजे पुढचं शंभरावं. शंभराव्यासाठी आपण भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शंभराव्याला पंतप्रधान, मुख्यमंत्री, टपाल तिकीट, स्मरणिका, मानापमान, सगळंच शंभरपट होणार. जालन्याला ते झेपणार नाही आणि मिळणारही नाही.

पण एकशे एकावं! मराठी माणूस पाकिटात शंभर रुपये कधी घालतो का? शंभर ही नुसती रक्कम झाली. त्याच्यावर एक रुपया ठेवला की मग तो आहेर होतो. देणगीची पावती असो, भटजींची दक्षिणा असो की वर्गणी, शोभा त्या वरच्या एकाने येते. तो वरचा एक म्हणजे जालना. 'एकशे एक, जालना!' यमक नाही जुळत, मान्य आहे. साउथ गेटवाल्यांइतकं आपलं नशीब चांगलं नाही. जालन्याला यमक 'पालना' आहे पण त्यात आकडा बसत नाही.

खर्चाचं विचाराल तर अनुदान आता २ कोटींवर गेलंय, आणि तरी संमेलनं त्याच्या पलीकडे जातातच. जाऊ दे. तो हिशेब खऱ्या निमंत्रणवाल्यांनी करावा. आपण खोटंच देतोय. खोट्या निमंत्रणाला लागतं काय, तर एक घोषणा, थोडे बिल्ले, आणि कोणत्याही पत्राच्या (आता मेसेजच्या) शेवटी ती लिहायची सवय. दहा वर्षं. आणि त्या दहा वर्षांत एखाद्या खऱ्या संस्थेला वाटलं की चला आता खरंच पाठवू, तर तेव्हा कोणी 'जालना? तिकडे कशाला?' असं विचारणार नाही, कारण नाव ऐकून ऐकून कान सरावलेले असतील. उस्मानाबादने तेच केलं, फक्त न हसता.

अर्थात एकशे एकावं दहा वर्षांनी नाही, लगेचच येणार, हा मोठा घोळ आहे. मामांना फोन करून सांगितला. ते म्हणाले, "मग तर बरंच झालं. एकदा ते दुसरीकडे होऊन गेलं की आपल्याला कायमचं मागत राहता येईल." त्यांना मिनिआपोलिस माहीत नाही.

समितीचं काम त्यांनी लगेच अंगावर घेतलंय. मोती तलावाच्या बाजूला येत्या रविवारी सकाळी पाहणी आहे. पोहे आमच्याकडे. ज्यांना लांब हात दाखवून उभं राहायला जमतं त्यांनी यावं, फोटो काढणारा एक कमी आहे.